टायर रुंद करण्याआधी

(गेल्या वर्षी उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी, सायंकाळच्या आरतीनंतर आपल्या बंगळूरच्या मंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर. अनेक सभासदांनी मागणी केल्यावरून येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



आरती झाली आहे, प्रसाद व्हायचा आहे आणि मागून मसालेभाताचा वास येतो आहे. अशा वेळी बोलायला उभे राहणे ही वक्त्याची परीक्षाच असते. त्यामुळे मी फार वेळ घेणार नाही. सांस्कृतिक समितीच्या वहिनींनी फोनवर बजावले होते, "काका, या वर्षी काहीतरी उपयोगाचं बोला." माझे एकतीस वर्षांचे आयुष्य मोटारींच्या कामात गेले, त्यातली शेवटची बारा वर्षे चाके आणि टायर यांच्याशीच संबंध. तेव्हा मी दुसरे काय बोलणार?

पण या विषयामागे एक कारण आहे. एक चूक मला आज आपणा सर्वांसमोर कबूल करायची आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीला आठ-दहा दिवस होते. आपल्याच मंडळातला एक तरुण (त्याची परवानगी घेतली आहे, नाव सांगत नाही) नवे टायर टाकून गाडी दाखवायला माझ्या घरी आला. छोटी हॅचबॅक, चाके कंपनीचीच, पण चारही टायर रुंद. गाडी खरोखर रुबाबदार दिसत होती. "काका, कशी दिसते?" त्याने विचारले. बरोबर बायको होती, पाच वर्षांची मुलगी होती, हातात पेढ्यांचा पुडा होता. मी खाली वाकून टायरवरचा आकडा वाचला. माझ्या मनात चुकचुकले. पण त्याचा आनंद कशाला घालवा, असे वाटून मी म्हटले, "झकास!"

आता तो आकडा काय होता, ते सांगतो. मूळचा टायर होता १८५/६५ आर १५. नवा होता २०५/६५ आर १५. दुकानदाराने त्याला सांगितले होते, "दोन्ही ६५, दोन्ही १५. फक्त रुंदी वाढली, उंची तीच." ऐकायला बरोबर वाटते, आणि नेमकी इथेच बहुतेकांची फसगत होते.

पहिला आकडा, म्हणजे १८५, ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. शेवटचा १५ हा रिमचा व्यास इंचात. 'आर' म्हणजे रेडियल. पण मधला ६५ हा मिलिमीटर नाही, ते टक्के आहेत. टायरच्या बाजूची उंची ही रुंदीच्या ६५ टक्के आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे रुंदी वाढवली आणि ६५ तसाच ठेवला, तर उंची आपोआप वाढते. १८५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. २०५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १३३. ही उंची वर आणि खाली अशी दोनदा धरायची आणि त्यात पंधरा इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर मिळवायचे. जुन्या टायरचा पूर्ण व्यास होतो सुमारे ६२१, नव्याचा ६४७. सव्वाचार टक्क्यांची वाढ.

सव्वाचार टक्क्यांनी काय होते? चाकाचा एक फेरा मोठा झाला, पण मीटरला ते कळत नाही. पूर्वी मीटरवर शंभर दिसताना गाडी ज्या वेगाने धावत होती, त्यापेक्षा आता ती चार किलोमीटर जास्त वेगाने धावते. गाडीने १०४ किलोमीटर कापले, तरी मीटरवर शंभरच पडतात. मग आपण तक्रार करतो की ॲव्हरेज पडले. थोडे खरेच पडते, कारण टायर जड झालेला असतो. आणि थोडे नुसते कागदावर पडते.

दुसरी गोष्ट रिमची. रिमच्या आतल्या अंगाला एक आकडा कोरलेला असतो. या गाडीवर होता १५ × ५½ जे. म्हणजे व्यास पंधरा इंच, रुंदी साडेपाच इंच. प्रत्येक टायरला रिमच्या रुंदीची एक कमाल आणि एक किमान मर्यादा असते. २०५/६५ आर १५ ला साडेपाच ते साडेसात इंच रुंदीचे रिम चालते. म्हणजे आपल्या मित्राचा टायर अगदी किमान मर्यादेवर बसला होता. बसला खरा, पण शोभला नाही.

आपण मूर्ती ठरवायला जातो, तेव्हा आधी मखराचे आणि चौरंगाचे माप घेऊन जातो. चौरंग अरुंद आणि मूर्ती रुंद झाली, तर ती ठेवता येते, पण मिरवणुकीत कोणीतरी तिला सतत धरून बसावे लागते. टायरचे तसेच आहे. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि पोट बाहेर येते. रस्त्याला टेकणारा भाग सपाट राहण्याऐवजी थोडा गोलसर होतो. मग टायर मध्यभागी लवकर झिजतो. वळणावर बाजू जास्त लचकते, त्यामुळे स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी किंचित उशिरा ऐकते. आणि शिवाय, ज्या रुंदीसाठी पैसे मोजले ती पूर्ण मिळतही नाही. रिम अर्ध्या इंचाने अरुंद असेल, तर टायर साधारण पाच मिलिमीटरने कमी रुंद बसतो.

आता पुढची हकीकत. आपला मित्र गणपतीसाठी कोल्हापूरला निघाला. गाडीत तो, बायको, मुलगी आणि आईवडील. डिकीत सामान गच्च. गावात एकट्याने चालवताना गाडी ठीक होती. फक्त पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवले की पुढून 'खर्र' असा आवाज यायचा, तिकडे त्याने दुर्लक्ष केले होते. पाच माणसे आणि सामान भरल्यावर गाडी मागून खाली बसली. चित्रदुर्ग सोडल्यावर रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्याला मागून घासल्यासारखा आवाज येऊ लागला. त्याला वाटले, डिकीतली बॅग हलते आहे. राणेबेन्नूरच्या पुढे पाऊस सुरू झाला आणि मागच्या डाव्या टायरची हवा गेली.

गणरायाची कृपा म्हणा आणि त्या मुलाची समयसूचकता म्हणा, त्याने जोरात ब्रेक मारला नाही. स्टिअरिंग सरळ धरून, हळूहळू वेग कमी करत गाडी कडेला घेतली. भर पावसात आजीआजोबा आणि पोरगी रस्त्याच्या कडेला छत्रीत उभी. जॅक लावून पाहिले, तर टायरचा बाहेरचा खांदा मडगार्डच्या कडेवर घासून सोलला होता आणि आतले धागे दिसत होते. उजव्या बाजूचा टायरही त्याच वाटेवर होता. आणि स्टेपनी एकच! एका ट्रकवाल्याने थांबून मदत केली. स्टेपनी लावून, तीसच्या वेगाने ते हावेरीला पोहोचले. तिथे मागच्या चाकांना जुन्या मापाचे दोन टायर घेतले आणि मध्यरात्री कोल्हापूर गाठले.

दुसऱ्या दिवशी प्रतिष्ठापना झाल्यावर त्याचा फोन आला. "काका, तुम्ही त्या दिवशी आकडा वाचला होतात. तुम्हाला माहीत होतं का?"

मी म्हटले, "हो."

तो रागावला नाही. "बरं काका," एवढेच म्हणाला. तो रागावला असता, तर मला बरे वाटले असते.

म्हणून आज जे त्या दिवशी बोललो नाही, ते बोलतो.

पहिली गोष्ट, रुंद टायर वाईट असतो असे नाही. योग्य रिमवर, योग्य मापात घेतला, तर कोरड्या रस्त्यावर वळणाला पकड वाढते. पण पकड केवळ रुंदीने येत नाही. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण पोस्टकार्डाएवढा असतो. तो किती मोठा, हे मुख्यतः गाडीचे वजन आणि हवेचा दाब ठरवतात. टायर रुंद केला की तो ठसा आडवा वाढतो आणि लांबीला कमी होतो. पावसात साचलेल्या पाण्यावर असा टायर लवकर तरंगू लागतो. आपल्याला गावी जायचे असते गणपतीत, म्हणजे ऐन पावसात, हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट, बदल करायचाच असेल तर चार आकडे तपासा. एक, रिमची रुंदी त्या टायरच्या मर्यादेत, आणि शक्यतो मध्यावर असावी. दोन, पूर्ण व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत, जितका कमी तितका बरा. तीन, भाराचा आकडा मूळच्यापेक्षा कमी नको. ८८ असेल, तर तो टायर ५६० किलो पेलतो. चार, वेगाचे अक्षर मूळच्यापेक्षा खालचे नको. आपल्या मित्राला १९५/६० आर १५ घेता आला असता. त्याचा व्यास ६१५, म्हणजे मूळच्यापेक्षा जेमतेम एक टक्का कमी, आणि साडेपाच इंचाचे रिमही त्याला चालते. रुंदी दहा मिलिमीटरने वाढली असती आणि मडगार्डला धक्का लागला नसता. पाहा, रुंदी वाढवायची तर मधला आकडा खाली आणावा लागतो.

तिसरी गोष्ट कायद्याची. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला की, कंपनीने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून सर्वांत सुरक्षित वाट एकच. आपल्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीला कंपनी कोणते माप देते ते पुस्तिकेत पाहा, आणि घ्यायचे तर ते माप त्याच्या रिमसकट घ्या. स्टेपनीचाही विचार करा.

आणि चौथी गोष्ट, पैसे खर्च करण्याआधी एक रविवार खर्च करा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाचा कागद चिकटवलेला असतो. टायर थंड असताना त्याप्रमाणे हवा भरा. गाडी पूर्ण भरलेली असताना वेगळा दाब दिलेला असतो, तोही वाचा. टायरवर चार आकडे असतात, ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. टायर किती जुना आहे ते त्यावरून कळते. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदला, अगदी गोटा होईपर्यंत थांबू नका. माझ्याकडे 'गाडी पकड धरत नाही' म्हणून येणाऱ्या पुष्कळ गाड्यांना रुंद टायर नको होते. हवा आणि अलाइनमेंट एवढ्याने काम भागत होते.

ज्याची ही गोष्ट, तो आज समोर बसला आहे. त्याच्या गाडीला आता चारही टायर मूळ मापाचे आहेत, आणि परवा तो पुन्हा कोल्हापूरला जाऊन आला. त्याच्या मुलीने मला आज विचारले, "आजोबा, आमचं चाक बघता का?" मी मंडपाबाहेर जाऊन चारही चाके पाहिली. स्टेपनीत हवा कमी होती. या वेळी मी ते लगेच सांगितले.

आपणही आज घरी जाताना तेवढे करा. कोणाला शंका असेल, तर प्रसादानंतर मी इथेच आहे. गाडीजवळ चला, आकडा वाचू या. मला खरे वाटते तेच सांगेन, मग गाडी कितीही झकास दिसत असो.

गणपती बाप्पा मोरया!