रंग निळा, नाव मिलिटरी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपली १९७५ची बॅच, म्हणजे नव्या पद्धतीची पहिली दहावी. आपल्यातलं कुणी डॉक्टर झालं, कुणी रेल्वेत गेलं, मी ट्रक चालवला. संयोजक म्हणाले, "त्या मिलिटरी गाडीबद्दल बोल." तेवढंच बोलतो.

ती गाडी शक्तिमान. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५९पासून हे ट्रक जबलपूरला लष्करासाठी बनत. १९९६ साली ते बनणं थांबलं, आणि त्याच वर्षी एक जुना शक्तिमान माझ्या दारात आला. लष्कराने काढलेल्या गाड्या लिलावात 'जशी आहे, जिथे आहे' या अटीवर विकतात. पुष्कळदा त्या एकगठ्ठा जातात, ते आपल्यासारख्याला परवडत नाही. मी पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून एक निवडून घेतली. इंजिनाआधी कागद पाहिले. विक्रीच्या कागदावरचे चासी आणि इंजिन नंबर गाडीशी जुळले नाहीत, तर नोंदणी अडते आणि दारात उभं राहतं ते नुसतं भंगार.

द्रुतगती मार्ग तेव्हा व्हायचा होता. जुन्या बोरघाटाने खाली उतरलो. शिंगरोबाला नाणं वाहिलं आणि ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम पाळला. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ड्रम तापतात आणि ब्रेक धरत नाहीत.

पेणला नोंदणी झाली. बाणाची लष्करी पाटी जाऊन एमएच-०६ आली. रंगही बदलला, कारण ऑलिव्ह हिरवा रंग लष्कराशिवाय कुणाच्या गाडीला लावता येत नाही. मी निळा दिला. पण कर्जत-खालापुरात तिला 'मिलिटरी'च म्हणतात.

लिटरला चार किलोमीटर गेली की मी खूश. स्टिअरिंग एवढं जड की संध्याकाळी जेवताना खांदा बोलायचा. विटा, भाताचा पेंढा, पावसाळ्यात वाड्यांच्या चढावर विजेचे खांब, सगळं वाहिलं. चारही चाकांना जोर असल्याने दुसरे ट्रक रुततात तिथून ती निघते. मात्र कोरड्या डांबरावर पुढच्या चाकांचा जोर काढायचा, नाहीतर वळणावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात.

२६ जुलै २००५. रेल्वे बंद, उल्हास आणि पाताळगंगा दोन्ही फुगलेल्या. सखल वस्तीतून माणसं काढायला दोन खेपा केल्या. पाणी चाकाच्या निम्म्यावर. एक पोरगा पुढे बांबूने तळ चाचपत चालला होता. तिसऱ्या खेपेला ओढ्याच्या मोरीवरून पाणी वाहत होतं आणि पलीकडे एक बाई अडलेली होती. सगळे म्हणाले, "दादा, मिलिटरी आहे, जाईल."

मी गाडी थांबवली. साठलेल्या पाण्यातून जाता येतं. धावतं पाणी गाडीला बाजूने ढकलतं, तिथे चार चाकांचा जोर कामाचा नाही. आणि पाण्याखाली मोरी शाबूत आहे का, हे वरून दिसत नाही. त्या रात्री मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या. घरी जेवलो नाही. पहाटे गावातल्या पोरांनी डोली करून वरच्या वाटेने तिला आणलं. मायलेकरं सुखरूप राहिली. पाणी ओसरल्यावर पाहिलं, तर मोरीची एक बाजू खचून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी गाडीखाली होतो. तापलेला एक्सल गार पाण्यात गेला की पाणी आत ओढतो. ऑइल दुधासारखं दिसलं की बदलावंच लागतं. ब्रेक ओले असतात, ते हलके दाबत गाडी थोडी चालवून वाळवायचे. लोकांना पुरातल्या दोन खेपा आठवतात. पण त्या झाल्या, कारण काम नसलं तरी दर रविवारी सकाळी मी तिला सुरू करत होतो, ग्रीस भरत होतो.

आता भंगारवाला वरचेवर येतो आणि वजनाचा भाव सांगतो. मुलगा म्हणतो, "बाबा, देऊन टाका." त्याचंही बरोबर आहे. दरवर्षीचं फिटनेस, न मिळणारे पार्ट, आणि हे इंजिन जाणणारा मिस्त्री आता तालुक्यात शोधावा लागतो. माझे खांदेही पहिल्यासारखे राहिले नाहीत.

पण पाऊस काही कमी झालेला नाही. इर्शाळवाडी आपल्याच खालापूर तालुक्यातली, आणि २०२३चा जुलै कुणी विसरलेलं नाही. तिथे तर कुठलीच गाडी वर जात नव्हती, माणसं पायीच चढली. तरी डोंगराखाली सामान पोचवणारं काहीतरी लागतंच.

म्हणून या सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्या तरुण माजी विद्यार्थ्यांना सांगतो. अवजड वाहनाचं लायसन्स असेल तर रविवारी सकाळी सात वाजता माझ्याकडे या. सुरू कशी करायची ते एका दिवसात शिकवीन. कुठे थांबवायची, हे शिकायला दोन पावसाळे लागतील. दोघं जण आले, तर भंगारवाल्याला मी नाही म्हणून सांगतो.