गोंदलेल्या ओठांचा हिशेब

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा तिकडे कलबुर्गीकडील आळंद या गावांच्या आठवडी बाजारांत सत्तरी उलटलेली एखादी म्हातारी आजही दृष्टीस पडते. तिच्या कपाळावर हिरवट निळा टिळा असतो, हनुवटीवर एक ठिपका असतो, आणि हातावर कोपरापर्यंत तुळशीवृंदावन, विंचू, लक्ष्मीची पावले अशी नक्षी उमटलेली असते. मराठी बोलणारे त्यास गोंदण म्हणतात, शेजारचे कानडी बोलणारे हच्चे म्हणतात. दोघांचीही समजूत मात्र एकच. सोने-नाणे येथेच राहावयाचे, गोंदण तेवढे देहाबरोबर जावयाचे. हे गोंदण घालणाऱ्या स्त्रिया बहुधा कोरव किंवा किळ्ळेक्यात अशा भटक्या जमातींतल्या असत. दिव्याची काजळी पाल्याच्या रसात किंवा लेकुरवाळीच्या दुधात कालवावयाची, तीन-चार सुया एकत्र बांधावयाच्या आणि टोचून झाल्यावर हळद-तेल लावावयाचे, एवढीच त्यांची सामग्री. मोबदला म्हणजे ज्वारी, एखादे जुने लुगडे, वर नारळ-सुपारी. हा मोबदला एकदाच द्यावयाचा असे. गोंदणारीण पुढल्या वर्षी पुन्हा गावात येई ती नव्या मुलींसाठी. जुन्या गोंदणावर पुन्हा रंग चढविण्यासाठी नव्हे.

या जुन्या व्यवहाराची आठवण होण्याचे कारण असे की, गोंदणाचा एक नवा प्रकार अलीकडे मोठ्या शहरांतून निघून या सीमाभागातील जिल्ह्यांच्या गावांपर्यंत येऊन पोहोचला आहे. तो म्हणजे ओठांचे गोंदण. विजेवर चालणाऱ्या बारीक सुईने ओठांत गुलाबी, तांबूस किंवा विटकरी रंग भरला जातो आणि रोज रंगकांडी लावण्याची गरज उरत नाही, असे सांगितले जाते. कल्पना तशी अगदी नवी नव्हे. विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल ओरायली याने १८९१ साली घेतले, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनचा जॉर्ज बर्चेट हा तेथील स्त्रियांच्या गालांवर व ओठांवर सुईने लाली भरून देत असे. जपानच्या उत्तरेकडील ऐनू लोकांच्या स्त्रिया तर शतकानुशतके ओठांभोवती गोंदून घेत. बर्चझाडाच्या सालीची काजळी लहानपणापासून थोडी थोडी भरीत जावयाचे आणि लग्नाच्या वयापर्यंत ते काम पुरे करावयाचे, अशी त्यांची रीत होती. १८७१ साली जपानी सरकारने तिच्यावर बंदी घातली. ओठाचे काम एका बैठकीत होत नाही, ही गोष्ट त्या ऐनू आयांना ठाऊक होती. आजच्या जाहिरातींत तीच नेमकी बारीक अक्षरांत छापलेली असते.

ओठ आणि हात यांच्या कातडीत मोठा फरक आहे. हातावरच्या गोंदणाचा रंग कातडीच्या खालच्या थरात जाऊन बसतो. तेथील भक्षक पेशी तो गिळतात. त्या मेल्या की त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या पेशी तोच रंग पुन्हा उचलून धरतात. फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून २०१८ साली हे दाखवून दिले. काजळी हा तर कोळसाच. तो विरघळत नाही, विटत नाही, फार तर हिरवट दिसू लागतो. म्हणून म्हातारीचा टिळा साठ वर्षे टिकतो. ओठाचे आवरण मात्र अतिशय पातळ, नेहमी ओलसर आणि रक्तवाहिन्यांनी भरलेले असते. त्यात भरलेला रंग पुष्कळसा खपलीबरोबर निघून जातो. पहिले दोन-तीन दिवस ओठ सुजतात आणि रंग इतका गडद दिसतो की घरची माणसे दचकतात. मग आठवडाभरात पापुद्रे सुटतात आणि रंग जवळजवळ नाहीसा झाल्यासारखा वाटतो. तो पुन्हा हळूहळू वर येतो आणि खरा रंग कोणता हे कळावयास महिना-दीड महिना लागतो. त्या वेळी जेथे रंग धरलेला नसतो तेथे दुसऱ्यांदा सुई फिरवावी लागते. त्यानंतरही वर्ष-दोन वर्षांत, फार तर तीन वर्षांत रंग फिका पडतो व पुन्हा बैठक घ्यावी लागते. ऊन, तंबाखू, मिश्री यांची सवय असेल तर त्याहूनही लवकर.

येथे हिशेब सुरू होतो. हा भाग तुरीचा आहे आणि कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तेव्हा हिशेब तुरीतच केलेला बरा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने तुरीचा आधारभाव क्विंटलला ८,००० रुपये जाहीर केला. आता उदाहरणादाखल असे समजावे की, हैदराबादेतील एखाद्या सौंदर्यालयाने ओठांच्या गोंदणाचा दर १२,००० रुपये सांगितला. दर गावोगाव व दुकानागणिक वेगळे असतात. हा आकडा केवळ हिशेबापुरता. म्हणजे दीड क्विंटल तूर झाली. परंतु दुसरी बैठक या दरात धरलेली आहे की नाही, हे विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही. ती वेगळी असून तिचे ३,००० पडले असे धरावे. बीदरहून हैदराबाद सुमारे १४० किलोमीटर. मुलगी एकटी जावयाची नाही, बरोबर आई किंवा भाऊ असावयाचा. दोन खेपांचे दोघांचे भाडे आणि खाणेपिणे ३,००० धरले, मलमे-गोळ्यांचे ५०० धरले, तर पहिल्या वर्षाचीच बेरीज १८,५०० होते. पुढे पाच वर्षांत दोनदा रंग उजळून घ्यावा लागला आणि दर वेळी निम्मा दर पडला, तर १२,००० आणि त्या दोन खेपांचे प्रवासखर्चासह आणखी ३,०००. एकूण ३३,५०० रुपये. सांगितलेल्या दराच्या सुमारे पावणेतीन पट, आणि तुरीच्या मापाने चार क्विंटलांहून अधिक. कोरडवाहू जमिनीत एकरी तीन-चार क्विंटल तूर निघाली तरी शेतकरी समाधान मानतो. म्हणजे एका एकराची सारी रास ओठांवर गेली. बुडालेली मजुरी यात धरलेलीच नाही.

हौसेखातर कोणी हा खर्च करीत असेल तर त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. पैठणीवर खर्च होतो, फटाक्यांवर होतो, मग ओठांवर का होऊ नये? विडा खाऊन ओठ रंगविण्याची हौस तर आपल्याकडे पिढ्यानपिढ्यांची आहे. परंतु या जिल्ह्यांत ओठांच्या गोंदणाची चौकशी करणाऱ्यांत सगळ्याच हौशी नसतात. एखादे कुटुंब कल्पावे. भालकी तालुक्यातील खेडे, पाच एकर कोरडवाहू जमीन, मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या खालच्या ओठाच्या कडेला दोन वर्षांपूर्वी पांढरा डाग उमटला आणि तो आता बोटाच्या पेराएवढा झाला. गावात त्यास कोड म्हणतात, आणि तो शब्द उच्चारला की पाहावयास आलेले पाहुणे चहा अर्धा टाकून उठतात. कोड संसर्गाने होत नाही, हे डॉक्टर सांगतात, पुस्तके सांगतात. पाहुणे ऐकत नाहीत. अशा घरातील आईला कोणी सांगितले की बारा हजारांत ओठ पूर्ववत दिसू लागतात, तर ती दागिना गहाण टाकून पैसे उभे करील. तिच्या दृष्टीने तो ओठांचा खर्च नसतो, लग्नाचा असतो.

आणि विशेष हे की, तिला सांगितलेली गोष्ट सर्वस्वी खोटीही नसते. ओठांवरील कोड औषधांना फारशी दाद देत नाही. शरीराच्या इतर भागांत केसांच्या मुळाशी रंगपेशींचा साठा असतो व उपचाराने त्या पेशी वर येऊन डाग भरतात. ओठांवर केसच नाहीत. तेव्हा साठाही नाही. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ कधी निरोगी कातडीचे बारीक तुकडे तेथे रोवतात, कधी ओठाच्या रंगाशी जुळणारा रंग सुईने भरतात. हे वैद्यकीय गोंदण होय आणि ते मान्य उपचारांपैकी एक आहे. मात्र त्याला एक अट आहे. डाग निदान वर्षभर वाढलेला नसावा. कोड वाढत्या अवस्थेत असताना कातडीला जेथे इजा होते तेथे नवा डाग उमटण्याचा संभव असतो, आणि सुईने टोचणे ही इजाच आहे. सौंदर्यालयातील मुलगी तीन-चार आठवड्यांचे शिक्षण घेऊन आलेली असते. डाग स्थिर आहे की चालता आहे हे तिने कसे ओळखावे? तिला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु पैसे भरून महिन्याभराने गोंदलेल्या कडेच्या बाहेर नवा पांढरा पट्टा दिसू लागला, म्हणजे त्या आईने कोणाकडे जावे?

आणखीही काही धोके आहेत. ज्यांना ओठांवर पूर्वी केव्हातरी तापाचे फोड येऊन गेले आहेत त्यांच्या मज्जातंतूंच्या गाठींत त्या रोगाचे विषाणू दडून असतात. सुईच्या आघाताने ते जागे होतात, फोड उठतात व भरलेला रंग त्यांच्याबरोबर वाया जातो. जाणते डॉक्टर म्हणून अगोदरच त्यावरचे औषध सुरू करतात. सुई दुसऱ्याची वापरलेली असेल तर यकृताच्या काविळीपासून एड्सपर्यंत सर्व भीती. याबाबतीत जुन्या गोंदणाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तीच सुयांची जुडी घेऊन ती बाई गावामागून गाव फिरे, आणि सहा-सात वर्षांच्या मुलींना चौघींनी धरून टोचले जात असे. त्यांची संमती कोणी विचारली नव्हती.

रंगाचा प्रश्न तर अजून पुरता सुटलेलाच नाही. ओठांच्या रंगांत बहुधा लोहाची भस्मे, टायटॅनियमची पांढरी भुकटी आणि काही सेंद्रिय रंग असतात. युरोपीय संघाने २०२२ च्या जानेवारीपासून गोंदणाच्या रंगांतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले. कर्नाटकात २०२५ साली राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी, गोंदणाच्या शाईच्या नमुन्यांत जड धातू आढळल्याचे सांगून केंद्राकडे नियमांची मागणी केली. एखादीला रंग पसंत पडला नाही आणि तो किरणयंत्राने काढावयाचा ठरला, तर वेगळीच आपत्ती उभी राहते. त्या किरणांनी तांबूस व फिकट रंग नाहीसे होण्याऐवजी काही वेळा एकाएकी काळे पडतात. भस्मातील लोहाचे रूपच पालटते. गुलाबी ओठांसाठी गेलेली मुलगी काळे ओठ घेऊन परतते आणि ते उतरविण्याच्या बैठकांचा खर्च मूळ खर्चाहून अधिक होतो.

बीदरची ओळख ज्या कामाने जगभर झाली ते बिदरी काम या संदर्भात सहज आठवते. तेथील कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यावर छिन्नीने नक्षी कोरतो, तीत चांदीची तार ठोकून बसवितो आणि शेवटी किल्ल्यातील माती नवसागराबरोबर उकळून भांड्यास चोळतो. भांडे काळेभोर होते, चांदी तशीच राहते. कोणती माती कोणत्या धातूला काळे करील हे त्याला पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक असते. ओठांत रंग भरणाऱ्याला तेवढे ज्ञान असावे, ही अपेक्षा काही अवाजवी नव्हे.

तेव्हा भालकीच्या त्या आईने प्रथम सौंदर्यालयात न जाता त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जावे. बीदर आणि कलबुर्गी या दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये व त्यांची रुग्णालये आहेत. तेथे तपासणीला पाच एकरवाल्याला परवडेल इतकाच खर्च येतो. डाग स्थिर आहे असे ठरले तर पुढचा विचार. ज्याच्याकडून काम करून घ्यावयाचे त्याने रंगाची बाटली दाखवावी, तीवर उत्पादकाचे नाव व मुदत आहे की नाही हे पाहू द्यावे, सुई समोर फोडावी आणि दुसऱ्या बैठकीचे पैसे पहिल्या पैशांत धरले आहेत की वेगळे, हे कागदावर लिहून द्यावे. ही शेवटची गोष्ट विचारताना पुष्कळांना संकोच वाटतो. बाजारात वांगी घेताना वाटत नाही. त्यानंतर वर्षभर मुलीचे रक्त रक्तपेढीत घेत नाहीत, हेही घरच्यांना ठाऊक असावे.

राहिला मुहूर्ताचा प्रश्न. लग्नाच्या आठ दिवस आधी ओठ गोंदून घेणारीला बोहल्यावर सुजलेले किंवा सोलवटलेले ओठ घेऊन उभे राहावे लागते. तुळशीच्या लग्नानंतरची तिथी धरली तर पहिली बैठक श्रावणातच व्हावयास हवी, आणि श्रावणात तूर अजून शेतात हिरवी उभी असते. पैसा सावकाराकडून आणावा लागतो. तूर हाती येते पौषात. ती विकून माघात पहिली बैठक घेतली, दीड महिन्याने, होळी उलटल्यावर दुसरी घेतली, तर वैशाखातल्या तिथीपर्यंत रंग बसलेला असतो आणि दागिना घरातच राहतो.