गडावर आपण जायचं का?



आत्ता आपण दोन लघुपट पाहिले. दोन्हींना ऑस्कर मिळालं, पण म्हणून ते निवडलेले नाहीत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, सिनेमातलं मला फारसं कळत नाही. मला एकच प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा होता : मैदान, जंगल, डोंगर, गड या जागा कोणाच्या?

पहिला लघुपट कॅरोल डायसिंगर यांचा, २०१९ सालचा, 'लर्निंग टू स्केटबोर्ड इन अ वॉरझोन (इफ यू आर अ गर्ल)'. काबूलमधल्या 'स्केटिस्तान'च्या शाळेत गरीब घरांतल्या मुली लिहावाचायला शिकतात आणि स्केटबोर्डही शिकतात. उतारावरून खाली यायचं धाडस आणि वर्गात हात वर करून बोलायचं धाडस त्यांना एकाच ठिकाणी मिळतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची सत्ता परत आली. सहावीनंतर मुलींची शाळा बंद झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये काबूलच्या बागा बायकांना बंद झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये बामियानमधल्या बंद-ए-अमीर या निळ्या तळ्यांच्या राष्ट्रीय उद्यानातही त्यांना मनाई झाली. कारण दिलं, बायका हिजाब नीट पाळत नाहीत.

हे सगळं धर्माच्या नावावर. मग मला हजमधली सई आठवते. तहानलेल्या लेकरासाठी पाणी शोधत बीबी हाजरा सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावल्या. आज प्रत्येक हाजी, पुरुषसुद्धा, त्यांच्याच वाटेने चालतो. एका बाईची उघड्यावरची धावपळ ज्या धर्मात इबादत झाली, त्याच्या नावाने बायकांना तळ्याकाठी जायला बंदी कशी घालता येते?

दुसरा लघुपट कार्तिकी गोन्साल्विस यांचा, २०२२ सालचा, 'द एलिफंट व्हिस्परर्स'. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात बेल्ली आणि बोम्मन रघू नावाचं हत्तीचं अनाथ पिल्लू वाढवतात. बेल्लीच्या पहिल्या नवऱ्याला वाघाने मारलं होतं. तिला जंगलाची भीती वाटते, आणि तरीही ते तिचं घर आहे. साहस म्हटलं की आपल्याला शिखर आणि झेंडा आठवतो. मला बेल्लीचं साहस जास्त मोठं वाटतं. जिथे भीती वाटते तिथेच ती रोज काम करते.

आता माझं सांगते. काही वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या मैत्रिणींबरोबर मी पहिल्यांदा राजगड चढले. अम्मी निघताना म्हणालीच होती, "उन्हातान्हात कशाला? लोक काय म्हणतील?" पाली दरवाज्यापाशी एका काकांनी माझं नाव विचारलं आणि म्हणाले, "अरे वा, तुम्ही लोकसुद्धा येता गडावर?" त्यांच्या मनात वाईट नसावं. पण पुढचा चढ मला जड गेला. घरातून निघताना मी मुलगी होते, गडावर पोचले तर मुसलमान होते.

मग १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूरमध्ये घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. त्यानंतर अम्मीने 'लोक काय म्हणतील' हे म्हणणं सोडलं. ती एवढंच म्हणाली, "बेटा, आता गडावर नको." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ही भीती खोटी आहे असं मी तिला कुठल्या तोंडाने सांगणार? सहा महिने मी कुठेच गेले नाही.

शेवटी अम्मीलाच घेऊन सिंहगडावर गेले. आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली, मडक्यातलं दही खाल्लं. अम्मी कठड्याशी उभी राहून म्हणाली, "इथनं खडकवासला दिसतो होय?" पुण्यात चाळीस वर्षं काढून ती पहिल्यांदा तिथे आली होती. माझ्याकडे तिचं तेवढं चाळीस सेकंदांचं चित्रण आहे. त्या काकांच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मला सुचलेलं नाही.

म्हणून आज मागणं एकच आहे. मुलींनो, आपापल्या मोबाइलवर तीन मिनिटांचा लघुपट करा. तुमची अम्मी, दादी, तुम्ही स्वतः. नदी, टेकडी, शेत, जे जवळ असेल ते. मोबाइल आडवा धरा. वाऱ्यात आवाज ऐकू येत नाही, तो नंतर खोलीत बसून वेगळा घ्या. आधी परवानगी विचारा. चेहरा नको म्हणाल्या तर हात घ्या, पाय घ्या. आणि त्या जागेवरून घरी परत आल्याशिवाय काही टाकू नका.

मुलांनो, बहिणीचं चित्रण करायला जाऊ नका. तिच्या हातात मोबाइल द्या, आणि ती बाहेर असेल तेव्हा घरचा स्वयंपाक तुम्ही बघा.

१८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंबरोबर मुंबईत मोर्चाला निघालेल्या मुस्लिम बायका सातच होत्या. आज या खोलीत त्याहून जास्त आहेत. पुढच्या महिन्यात सिंहगडावर जायचं ठरलंय. ज्यांना यायचंय त्यांनी दाराजवळच्या वहीत नाव लिहा. अम्मींना आणलंत तर फार बरं. माझी येणार आहे.