छावणीतील पाणी

दुष्काळात गुरांच्या छावणीचा विषय निघाला की चर्चा चाऱ्याचीच होते. पाण्याचा हिशेब मागे पडतो. मोठ्या जनावरास दिवसाला सुमारे ५० लिटर पाणी लागते, दुभत्या गाईस उन्हाळ्यात त्याहून अधिक. ५०० जनावरांच्या छावणीस, म्हणजे, २५,००० लिटर. १०,००० लिटरच्या टँकरच्या अडीच खेपा, त्याही रोज. २०१३ व २०१९ साली माण आणि बीडकडील पशुधन अशाच खेपांवर तगले. विहिरीवर वीज नसली की टँकर भरत नाही. छावणीतील हौद अपुरा असला की भरलेला टँकर ताटकळतो आणि पुढची खेप बुडते. हौद बांधणे त्यामानाने स्वस्त! तहानलेले जनावर पुढ्यातील चाऱ्यालाही तोंड लावीत नाही आणि संध्याकाळच्या धारेला दूध उणे भरते.