देवाची वेळ आणि माणसाचे हात

(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



आज आपल्या देवळावर कळस चढला. अशा मंगल दिवशी वाईट काळाची आठवण कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु देवाचा आधार कळतो तो वाईट काळातच. म्हणून देहूच्या एका मोडक्या देवळाची हकीकत ऐकावी.

तुकाराम महाराजांच्या घरी विठ्ठलाची उपासना पिढीजात. महाजनकी होती, दुकान होते. पुढे आईवडील गेले, थोरले बंधू विरक्त होऊन निघून गेले आणि कोवळ्या वयात प्रपंचाचा भार तुकोबांवर पडला. त्यातच १६३०-३१ सालचा भीषण दुष्काळ आला. धंदा बुडाला, दिवाळे निघाले. थोरली पत्नी अन्नावाचून गेली. लहानगा संतूही गेला.

अशा वेळी कोणीही देवाला जाब विचारील. तुकोबांच्या अभंगांत देवाशी भांडणही आहे. पण भांडून ते देवाला सोडून गेले नाहीत. वाडवडिलांच्या वेळचे विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते. ते नीट करावे असे त्यांच्या मनात आले. पदरी पैसा नव्हता. दगडमाती स्वतः वाहून त्यांनी ते काम केले, असे परंपरा सांगते. लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खतेही त्यांनी निघवली. निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. घरात चणचण असताना दुसऱ्याच्या मानेवरचे ओझे उतरवले!

देवाने त्यांची पत्नी परत दिली नाही, मूलही दिले नाही. हे लपवून श्रद्धा सांगू नये. पण त्या देवळाच्या कामानंतरच कीर्तन आले, पाठांतर आले आणि मग अभंग आले. तुकोबांच्या एका घराचे दुःख पुढे हजारो घरांचा धीर झाले. देवाची वेळ ही अशी असते. आपल्या पंचांगात ती सापडत नाही.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील हजारो माणसे खडी फोडायला गेली. सुकडीवर मुले जगली. त्या हातांनी बांधलेल्या पाझर तलावांत पुढच्या पिढ्यांसाठी पाणी साठले. खडी फोडणाऱ्याला तेव्हा तलाव दिसत नव्हता, फक्त संध्याकाळची भाकर दिसत होती.

म्हणून भुकेल्या शेजाऱ्याला, "धीर धर, देवाची वेळ यायची आहे," एवढेच सांगून वाटेला लागू नये. कदाचित त्याच्यासाठी देवाने नेमलेली वेळ हीच असेल आणि नेमलेले हात आपलेच असतील. ज्याच्यावर संकट आहे त्याने हातचे काम सोडू नये. ज्याला बरे दिवस आहेत त्याने हात आखडू नये. या देवळाचा दगड न् दगड गावाच्या हातांनी बसला, तसाच गावातला खचलेला माणूसही गावाच्या हातांनी उभा राहो, हीच पांडुरंगाचरणी प्रार्थना.

रामकृष्ण हरि!