होकाराची पारख

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर किंवा मलकापूरच्या फौजदारी न्यायालयात बौद्धिक अक्षमता असलेला प्रौढ आरोपी म्हणून उभा राहतो, तेव्हा खटल्याचे कामकाज त्याला उमगते काय, हा प्रश्न पुराव्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 367 व्या कलमानुसार, चौकशीच्या वेळी आरोपीला ते उमगत नसल्याचा संशय येताच दंडाधिकाऱ्याने त्याची तपासणी जिल्हा शल्यचिकित्सकाकडून करवून घ्यावयाची असते, आणि या कामाची धुरा बुलढाण्यात त्याच अधिकाऱ्याच्या खांद्यावर येते.

काम मात्र नाजूक आहे. ‘तू तिथं होता ना?’ असे दरडावून विचारले की असा माणूस ‘हो’ म्हणतो, आणि ‘तू तिथं नव्हता ना?’ असे विचारले तरी पुष्कळदा ‘हो’च म्हणतो, कारण साहेबांना राजी ठेवणे हाच त्याने आजन्म गिरवलेला धडा असतो. म्हणून तपासणीत सामील असलेला जाणता मानसशास्त्रज्ञ अशा जबानीवर विसंबत नाही. तो वऱ्हाडी बोलीत, सावकाश, ‘त्या दिवशी काय काय झालं, सांग बाप्पा’ म्हणतो, आणि बुद्ध्यंकाबरोबरच बाजारहाट, पैशांचा हिशेब, एस. टी.चा एकट्याने प्रवास यांचीही घरच्यांकडे विचारपूस करतो. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही बौद्धिक अक्षमता मनोविकारात गणलेली नाही. तेव्हा केवळ औषधे लिहून देऊन भागत नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाचे पद सदैव भरलेले असणे मला अत्यावश्यक वाटते.