थांबलेल्यांचा हिशेब
(चांदूर बाजार येथील महिला मेळाव्यातील भाषण)



शास्त्रीय नियतकालिकाकडे लेख पाठवला की निर्णय कधी येतो? सांगितली जाणारी सरासरी बहुधा छापून आलेल्या लेखांची असते. कापूस विकून परतलेल्यांना विचारावे आणि रांगेतल्या गाड्या सोडून द्याव्यात, तसेच हे! अजून थांबलेल्यांचे दिवसही धरण्याची रीत संख्याशास्त्रात आहे.

एरिन हेंगेल यांचा अर्थशास्त्रातील लेखांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांचे लिखाण पुरुषांपेक्षा १ ते ६ टक्के अधिक सुबोध, तरी ‘इकॉनोमेट्रिका’त त्यांचे लेख तपासणीत काही महिने जास्त अडकले. प्राध्यापिकेची बढती छापील लेखांवर अडते. ते महिने जातात तिच्याच पदरचे.

आपल्याकडच्या नियतकालिकांकडून लेख आल्याच्या, दुरुस्तीला धाडल्याच्या, निकालाच्या तारखा मागू या. स्त्री-पुरुष वेगळे, आणि नाकारलेले लेखही धरून.